मथुरा प्रकरणातील खुले पत्र

मथुरा प्रकरणातील खुले पत्र हे भारतातील चार विधी-अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेले जाहीर पत्र होय. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार हे या पत्राचे चार स्वाक्षरीकर्ते होते. पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले होते. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, अशी मागणी पत्रात करण्यात आली होती. न्यायालयाने निकाल बदलला नाही. मात्र या पत्रातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली बलात्कारविषयक कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. भारतातील स्त्रीवादी विधी-अभ्यासाचा आरंभ सांगताना या पत्राचा उल्लेख नेहमी केला जातो.

पार्श्वभूमी

घटना

हे प्रकरण पूर्व विदर्भातील देसाईगंज (वडसा) येथील आहे. वैनगंगा नदीच्या खोऱ्यातील हे गाव गोंदिया–चंद्रपूर लोहमार्गावर असून भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यापासून जवळ आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर ते त्या जिल्ह्यात आले.

पीडित मुलगी अनाथ व आदिवासी होती आणि घरकामाची मजुरी करून राहत होती. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. ती ज्या घरी कामाला जात असे त्या घरातील एका तरुणाशी तिचे लग्न ठरल्यासारखे होते. तिच्या भावाला हे मान्य नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. २६ मार्च १९७२ रोजी रात्री सर्व संबंधितांना जबाबासाठी देसाईगंज पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाल्यानंतर इतरांना जाऊ देण्यात आले. मुलीला मात्र थांबवून घेण्यात आले. त्यानंतर ठाण्यातील एका कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला व हेड कॉन्स्टेबलने तिचा विनयभंग केला, अशी तिची फिर्याद होती. तिचे नातेवाईक त्या वेळी ठाण्याबाहेर थांबलेले होते. ठाण्यातील दिवे बंद व दार आतून लावलेले पाहून बाहेर लोक जमले आणि त्यांच्या दबावामुळे तक्रार नोंदवली गेली.

तीन न्यायालये, तीन निकाल

हा खटला तीन न्यायालयांत चालला. तिन्ही निकालांतील मुख्य वाद एकच होता, तो म्हणजे ‘संमती’ या शब्दाचा अर्थ.

सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. शरीरसंबंध झाला असला तरी तो मुलीच्या संमतीने झाला, असे या न्यायालयाचे मत होते. मुलीला पूर्वी शरीरसंबंधांचा अनुभव होता, या गोष्टीला न्यायालयाने मोठे महत्त्व दिले आणि तिच्या साक्षीवर विश्वास ठेवला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला बलात्काराबद्दल ५ वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल १ वर्षाची सक्तमजुरी सुनावण्यात आली. भीतीपोटी निमूटपणे वश होणे आणि स्वेच्छेने संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आरोपी मुलीला पूर्णपणे अनोळखी होते आणि तिच्या भावाच्या तक्रारीचा तपास त्यांच्याच हाती होता. अशा स्थितीत तिने स्वतःहून पुढाकार घेतला असेल हे संभवत नाही, असे न्यायालयाचे तर्कशास्त्र होते.

आरोपींनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने नोंदलेल्या या अपिलात न्या. जसवंत सिंग, न्या. पी. एस. कैलासम आणि न्या. ए. डी. कोशल यांच्या पीठाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही निर्दोष ठरवले. निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिले. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. म्हणून तिने प्रतिकार केल्याची हकीकत खोटी आहे आणि प्रतिकार नव्हता म्हणजे संमती होती, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मधील ज्या पोटकलमात भीती दाखवून मिळवलेल्या संमतीचा उल्लेख आहे, ती भीती मृत्यूची किंवा दुखापतीची असावी लागते आणि तसा पुरावा येथे नाही, असेही निकालात म्हटले होते.

पत्राचे लेखक

निकाल न्यायनिवाड्यांच्या संग्रहात छापून आल्यानंतर तो विधी-अध्यापकांच्या वाचनात आला. पत्र लिहिणाऱ्या चौघांपैकी तिघे दिल्ली विद्यापीठात अध्यापन करीत होते, तर वसुधा धागमवार पुण्याच्या होत्या.

लतिका सरकार (निधन २०१३) या दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेतील पहिल्या महिला अध्यापक होत. केंब्रिज येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. भारत सरकारने नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीच्या त्या सदस्य होत्या. या समितीचा ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात स्त्रियांचे काम, आरोग्य, शिक्षण व राजकीय सहभाग यांबाबतचे चित्र त्या अहवालाने प्रथमच एकत्र मांडले आणि देशात स्त्री-अभ्यास या ज्ञानशाखेचा पाया घातला.

वसुधा धागमवार (निधन २०१४) यांचे संशोधन फौजदारी कायदा आणि आदिवासी समाज यांविषयी होते. भारतीय दंड संहितेतील व्यक्तिगत हक्कांच्या संरक्षणावर त्यांनी ‘लॉ, पॉवर अँड जस्टिस’ हा ग्रंथ लिहिला. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासींमध्ये त्यांनी प्रत्यक्ष काम केले होते. पोलीस ठाणे, वनखाते व न्यायालय यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या गरीब आदिवासी माणसाची स्थिती त्यांना जवळून ठाऊक होती. पुढे १९८५ साली त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ ही कायदेविषयक साक्षरतेसाठी काम करणारी संस्था स्थापन केली.

उपेंद्र बक्षी हे न्यायशास्त्राचे अभ्यासक असून १९९० ते १९९४ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यपद्धतीचा समाजशास्त्रीय अंगाने अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या विद्वानांत त्यांची गणना होते. रघुनाथ केळकर हेही दिल्ली विद्यापीठात कायद्याचे अध्यापक होते.

स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास, फौजदारी कायदा, आदिवासींचे प्रश्न आणि न्यायसंस्थेचा अभ्यास ही या चौघांची वेगवेगळी क्षेत्रे होती. पत्रातील युक्तिवादात ती एकत्र आलेली दिसतात.

पत्रातील मांडणी

पत्र तत्कालीन सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना उद्देशून होते. न्यायालयाबद्दलचा आदर राखून, परंतु स्पष्ट शब्दांत त्यात निकालावर टीका करण्यात आली होती. तिचे प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

संमती आणि शरणागती: प्रत्येक संमतीत एक प्रकारचे वश होणे असते, पण प्रत्येक वश होण्यात संमती असतेच असे नाही. उपलब्ध पुराव्यावरून मुलगी वश झाली एवढेच सिद्ध होते. तिने संमती दिली हे सिद्ध होत नाही. प्रतिकाराच्या खुणांचा अभाव म्हणजे संमती, हे समीकरण कायद्यात कोठेही नाही.

ठिकाण व सत्तासंबंध: रात्रीची वेळ, बंद पोलीस ठाणे, गणवेशातील दोन पुरुष आणि समोर एक अल्पवयीन, निरक्षर, मजूर आदिवासी मुलगी, ही परिस्थिती निकालात विचारात घेतलेली नाही. तिचे वय, तिची सामाजिक-आर्थिक स्थिती, हक्कांविषयीचे अज्ञान, विधी-साहाय्याचा अभाव आणि पोलिसांविषयी गरिबांच्या मनात असणारे भय यांचा साधा उल्लेखही निकालपत्रात नाही, याकडे लेखकांनी लक्ष वेधले.

ठाण्यात बोलावण्याची बेकायदेशीरता: फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणीच घेतला पाहिजे. १९७८ सालीच नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम ठामपणे अधोरेखित केला होता. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने या प्रकरणात मुलीला रात्री ठाण्यात बोलावण्याबद्दल व थांबवून ठेवण्याबद्दल एक शब्दही उच्चारला नाही, ही विसंगती पत्राने दाखवून दिली.

पूर्वचारित्र्याचा प्रश्न: विवाहापूर्वी शरीरसंबंध आलेल्या मुलीची साक्ष कमी विश्वासार्ह मानण्याच्या वृत्तीवर पत्रात कठोर टीका होती. अशा मुलीला कायद्याचे संरक्षण मिळणार नसेल, तर तिच्यावर अत्याचार करण्याची मोकळीक पोलिसांना मिळते, असा त्याचा आशय होता.

शेवटी, प्रकरणाची सुनावणी मोठ्या पीठापुढे किंवा पूर्ण न्यायालयापुढे पुन्हा व्हावी, अशी विनंती करण्यात आली. एका मुलीच्या न्यायाबरोबरच देशातील असंख्य गरीब स्त्रियांच्या मानवी हक्कांचे भवितव्य या निकालाशी जोडलेले आहे, असे लेखकांचे म्हणणे होते.

चळवळ

पत्राच्या प्रती विद्यापीठे, वकील, पत्रकार व स्त्री-संघटना यांच्यापर्यंत पोहोचल्या. १९८० च्या आरंभी वृत्तपत्रांतून या प्रकरणाची चर्चा सुरू झाली. मुंबईत जानेवारी १९८० मध्ये या पत्राच्या निमित्ताने एकत्र आलेल्या स्त्रियांनी ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा मंच स्थापन केला. हुंडा, घरातील मारहाण अशा प्रश्नांपर्यंत काम विस्तारल्यावर त्याचे नाव ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ असे झाले. नागपुरात सीमा साखरे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली स्त्री अत्याचार विरोधी परिषद या लढ्यात सक्रिय होती.

८ मार्च १९८० रोजी, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, मुंबई, दिल्ली, नागपूर, हैदराबाद आदी शहरांत मोर्चे व सभा झाल्या. खटल्याची फेरसुनावणी आणि बलात्कारविषयक कायद्यात बदल या प्रमुख मागण्या होत्या. एकाच प्रश्नावर इतक्या शहरांतील स्त्री-गट एकाच दिवशी रस्त्यावर येण्याची ही आरंभीची घटना मानली जाते. डिसेंबर १९८० मध्ये मुंबईत स्वायत्त स्त्री-गटांची राष्ट्रीय परिषद भरली.

फेरविचारासाठी केलेला प्रयत्न यशस्वी झाला नाही आणि आरोपींची निर्दोष मुक्तता कायम राहिली.

कायद्यातील बदल

केंद्र सरकारने हा विषय विधी आयोगाकडे सोपवला. आयोगाने एप्रिल १९८० मध्ये ८४ वा अहवाल सादर केला. संमती ‘मुक्त व स्वेच्छेची’ असावी असा स्पष्ट शब्दप्रयोग कायद्यात करावा, फिर्यादी स्त्रीच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांची चौकशी मर्यादित करावी आणि सूर्यास्तानंतर स्त्रियांना अटक करू नये, अशा शिफारशी त्यात होत्या. ऑगस्ट १९८० मध्ये विधेयक मांडले गेले व संयुक्त समितीकडे गेले. फौजदारी कायदा (दुरुस्ती) अधिनियम, १९८३ हा २५ डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. त्यातील मुख्य तरतुदी अशा होत्या:

• पोलीस, लोकसेवक, कारागृह व रुग्णालय कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरवण्यात आला आणि त्यासाठी किमान १० वर्षांच्या कारावासाची तरतूद झाली. इतर प्रकरणांत किमान शिक्षा ७ वर्षे करण्यात आली. विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र राहिला.

• भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४-अ समाविष्ट झाले. ताब्यातील बलात्काराच्या व सामूहिक बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे हे कलम सांगते.

• दंड संहितेच्या कलम २२८-अ नुसार पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला.

• अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद झाली.

कलम ११४-अ हे पत्रातील मुख्य युक्तिवादाला दिलेले थेट उत्तर होते. देसाईगंजचा खटला या कलमाखाली चालला असता, तर संमती होती हे सिद्ध करण्याचा भार आरोपी पोलिसांवर आला असता. कलम २२८-अ मुळे अशा प्रकरणांना पीडितेच्या नावाने ओळखण्याची प्रथा बंद झाली. हे प्रकरण त्यापूर्वीचे असल्याने ते विधी-साहित्यात आजही ‘मथुरा’ याच नावाने नोंदलेले आढळते.

आयोगाच्या काही शिफारशी त्या वेळी मागे राहिल्या. फिर्यादी स्त्री ‘अनैतिक’ आहे असे दाखवून तिच्या साक्षीला आव्हान देण्याची मुभा देणारे पुरावा अधिनियमाचे कलम १५५ (४) वगळण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. ते २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने गेले. सूर्यास्तानंतरच्या अटकेवरील निर्बंध फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आले. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या कायद्यात आली. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. म्हणजेच १९७९ च्या पत्रातील मुद्दा ३४ वर्षांनी कायद्याच्या शब्दांत उतरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही व्याख्या कायम असून, कलम ११४-अ चे गृहीतक भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आले आहे.

स्त्री-अभ्यासातील स्थान

पत्र लिहिले गेले त्या काळात भारतात स्त्री-अभ्यास ही ज्ञानशाखा आकार घेत होती. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांवरील संशोधनाचा विभाग सुरू झाला होता. १९८० साली दिल्लीत वीणा मजुमदार, लतिका सरकार आदींनी ‘सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच महिला विद्यापीठात भरली आणि तीतून १९८२ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज’ ही संघटना स्थापन झाली. पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ साली सुरू झाले. विद्यापीठीय अभ्यासक आणि चळवळीतील कार्यकर्त्या यांच्यातील देवाणघेवाण हे या शाखेचे वैशिष्ट्य राहिले असून, खुल्या पत्राकडे तिचे ठळक उदाहरण म्हणून पाहिले जाते.

न्यायालयाला पत्र लिहून दाद मागण्याचा मार्गही यानंतर रूढ झाला. १९८१ साली उपेंद्र बक्षी व लतिका सरकार यांनी आग्रा येथील संरक्षणगृहातील स्त्रियांच्या दुरवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले. जनहित याचिकेच्या आरंभीच्या प्रकरणांत त्याचा समावेश होतो.

मूल्यमापन आणि टीका

१९८३ च्या दुरुस्तीवर स्त्रीवादी अभ्यासकांनीच पुढे टीका केली. विधिज्ञ फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी १९९२ साली ऐंशीच्या दशकातील कायद्यांचा आढावा घेताना दाखवून दिले की, शिक्षा वाढवल्याने दोषसिद्धीचे प्रमाण वाढत नाही आणि न्यायाधीशांची दृष्टी न बदलल्यास नव्या तरतुदींचा उपयोग मर्यादित राहतो. विवाहांतर्गत बलात्काराचा अपवाद १९८३ मध्ये तसाच ठेवला गेला, हीही टीकेची बाजू होती. राधा कुमार तसेच नंदिता गांधी व नंदिता शहा यांच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासविषयक ग्रंथांत या मोहिमेची सविस्तर चर्चा आहे.

दुसरा आक्षेप जात व वर्गाच्या संदर्भात घेतला जातो. पत्राने मुलीच्या आदिवासी व गरीब असण्याला केंद्रस्थानी ठेवले होते. चळवळ शहरांत पसरली तसा ‘कोठडीतील स्त्री’ हा सर्वसाधारण प्रश्न पुढे आला आणि आदिवासी संदर्भ मागे पडला. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिकेविषयी केलेल्या मांडणीनंतर स्त्री-अभ्यासात जात आणि लिंगभाव यांचा एकत्रित विचार करण्यावर भर वाढला.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली, त्यानंतर हा मुद्दा पुन्हा तीव्रतेने पुढे आला. भंडारा येथील विशेष न्यायालयाने २००८ साली आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरवून सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. मात्र जातीय अत्याचाराचे व विनयभंगाचे आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. कुटुंबातील स्त्रियांवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा पुरावा वेळीच का गोळा केला गेला नाही आणि न्यायालयीन निर्णयात तो का दिसत नाही, हे प्रश्न अभ्यासकांनी व कार्यकर्त्यांनी उपस्थित केले. देसाईगंजच्या प्रकरणात जखमेच्या खुणा नाहीत म्हणून स्त्रीचा शब्द नाकारला गेला होता. खैरलांजीत बोलण्यासाठी त्या स्त्रिया जिवंतच नव्हत्या. वैनगंगेच्या खोऱ्यातील ही दोन प्रकरणे पुरावा, जात-जमात आणि लिंगभाव यांचा परस्परसंबंध शिकवताना एकत्र अभ्यासता येतात.

खुले पत्र आज विधी महाविद्यालये व स्त्री-अभ्यास केंद्रांत मूळ दस्तऐवज म्हणून वाचले जाते. अंतिम निकालाचीही अभ्यासकांनी जाहीर चिकित्सा करणे हे विद्यापीठीय कर्तव्य आहे, या भूमिकेच्या समर्थनार्थही त्याचा दाखला दिला जातो.

हेही पाहा

• स्त्री-अभ्यास
• महाराष्ट्रातील स्त्रीमुक्ती चळवळ
• जनहित याचिका
• खैरलांजी हत्याकांड
• भंडारा जिल्हा
• गडचिरोली जिल्हा